पाकिटांसाठी घरगुती कटिंग मशीन: कापण्यापेक्षा घडीची रेघ महत्त्वाची

आकृती दिली की तसा कागद ब्लेडने आपोआप कापणारं कटिंग मशीन विकत घेताना बहुतेक लोक ते किती जाड वस्तू कापतं हे विचारतात. चामडं, पातळ लाकूड, फोम, असली यादी ऐकून मन भरतं. पत्राची किंवा भेटकार्डाची कागदी पाकिटं करायची असतील तर या यादीचा काही उपयोग नाही. शंभर-सव्वाशे जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) कागद कुठलंही बरं मशीन सफाईने कापतं. मशीनमशीनमधला खरा फरक कळतो तो घडीच्या रेघेत. रेघ बरोबर जागी, बरोबर खोलीची पडली तर पाकीट चौकोनी बसतं. रेघ अर्धा मिलिमीटर सरकली किंवा उथळ पडली तर झाकण तिरकं मिटतं, कोपऱ्यात कागद गोळा होतो, आणि मग कितीही सुंदर कागद वापरा, पाकीट घरगुतीच दिसतं. म्हणून इथे तीन कंपन्यांच्या मशीनचं परीक्षण याच एका दृष्टीने केलं आहे.

क्रिकट कंपनीच्या एक्सप्लोर मालिकेत दोन क्लॅम्प, म्हणजे अवजार धरणारे चिमटे, असतात. एकात ब्लेड बसतं, दुसऱ्यात पेन किंवा स्कोरिंग स्टायलस, म्हणजे घडीची रेघ दाबून पाडणारी बोथट टोकाची कांडी. एकाच वेळी कागद मॅटवर, म्हणजे तो धरून ठेवणाऱ्या चिकट तक्त्यावर, लावून आधी घडीच्या रेघा आणि मग कापणी, असं सलग काम होतं. पाकिटासाठी ही व्यवस्था उत्तम आहे, कारण मॅट मध्ये काढून पुन्हा लावावी लागत नाही आणि रेघ व कड यांचं नातं बिघडत नाही. पत्ताही मशीनकडूनच लिहून घ्यायचा असेल तर पेन आणि स्टायलस एकाच क्लॅम्पचे वाटेकरी असतात. त्यामुळे मशीन मध्येच थांबून अदलाबदल करायला सांगतं. ते करताना मॅटला धक्का लागू द्यायचा नाही आणि मॅट बाहेर काढायचं बटण तर चुकूनही दाबायचं नाही.

मेकर मालिकेत स्टायलस चालतोच, शिवाय स्कोरिंग व्हीलही बसतं. हे चाक एक्सप्लोरमध्ये बसत नाही. मेकरचा दाब ४ किलोपर्यंत जातो आणि कार्डशीटवर या चाकाची रेघ फारच देखणी येते. पण पाकिटाचा कागद पातळ असतो. १०० जीएसएमच्या कागदावर चाक जास्तच खोल जातं, रेघेवर कागदाचे तंतू तुटतात आणि चार-पाच वेळा उघडझाप केली की झाकण हातात येतं. त्यामुळे नुसत्या पाकिटांसाठी मेकरचे जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही. आमंत्रणपत्रिका, खोके, जाड कार्डं हेही करायचं असेल तर गोष्ट वेगळी.

क्रिकटचंच छोटं जॉय मात्र पाकिटांसाठी घेऊ नये. त्याची मॅट जेमतेम साडेचार इंच रुंद आहे आणि त्यात घडीची रेघ मारायची सोयच नाही. भेटकार्डाच्या चिमुकल्या पाकिटापलीकडे ते जात नाही, आणि त्याच्या घड्याही पट्टी लावून हाताने मारायच्या.

सिल्हूट कंपनीचं कॅमिओ १२ इंच रुंदीचं मशीन आहे. त्याचं सॉफ्टवेअर संगणकावर इंटरनेटशिवाय चालतं, आणि मापं टाकून आकृती काढण्यात ते क्रिकटच्या डिझाइन स्पेस या सॉफ्टवेअरपेक्षा बरंच पुढे आहे. स्वतःचे साचे मापाने काढणाऱ्याला हेच आवडेल. एक अडचण लक्षात ठेवावी: आकृतीच्या फाइलींचे एसव्हीजी आणि डीएक्सएफ असे प्रकार असतात, त्यांतली एसव्हीजी फाइल फुकट मिळणाऱ्या मूळ आवृत्तीत उघडत नाही, डीएक्सएफ उघडते. एसव्हीजीसाठी वरची आवृत्ती विकत घ्यावी लागते. घडीची रेघ पाडायचे इथे तीन मार्ग आहेत: तुटक रेघ कापणं, ब्लेड कमी दाबाने फिरवणं, किंवा पेनच्या जागी बोथट नोक बसवणं. तुटक रेघ पाकिटाला अजिबात लावू नये. ती तिकिटासारखी फाटते, आणि उजेडात धरलं की भोकं दिसतात. कमी दाबाचं ब्लेड कागदाचा वरचा थर चिरतं. ती चीर बाहेरच्या बाजूला आली तर घडी घातल्यावर उघडते आणि रंगीत कागदाचं पांढरं पोट दिसतं. हा मार्ग घ्यायचाच असेल तर आकृती उलटी करून कागदाची आतली बाजू वर ठेवावी, म्हणजे चीर आत जाते. मात्र मग त्याच वेळी बाहेर पत्ता लिहिता येत नाही. बोथट नोक सगळ्यात बरी.

ब्रदर कंपनीच्या स्कॅन-एन-कट मशीनला स्वतःचा स्कॅनर आणि पडदा असतो. आवडलेलं एखादं पाकीट सांधे सोडवून सपाट केलं, मॅटवर ठेवलं, की त्याची बाह्यरेषा मशीन स्वतः उचलतं. संगणक लागत नाही. संगणकाशी फार जमत नसेल त्यांना हे फार सुखाचं आहे. घडीच्या रेघा मात्र आपल्यालाच घालाव्या लागतात, आणि जुन्या पाकिटाचे कान, म्हणजे बाजूच्या दुमडायच्या पट्ट्या, झिजलेले किंवा गोंदाने वाकलेले असले तर ती वाकडी कडही जशीच्या तशी उचलली जाते. स्कॅन करून झाल्यावर रेषा सरळ करून घ्याव्यात.

आता प्रत्यक्ष साच्याकडे. सुरुवातीला सी६ मापाचं पाकीट घ्यावं. त्याचं तयार माप १६२ बाय ११४ मिलिमीटर असतं. त्यात १४८ बाय १०५ चं ए६ कार्ड किंवा दोनदा दुमडलेला ए४ कागद जातो. हे माप घ्यायचं मुख्य कारण म्हणजे अख्खा साचा एका ए४ कागदावर बसतो. दर्शनी भाग १६२ बाय ११४. दोन्ही बाजूंचे कान प्रत्येकी २० मिलिमीटर, म्हणजे एकूण रुंदी २०२. खालची पाठ, म्हणजे तळावरून मागे दुमडायचा भाग, १०० मिलिमीटर, वरचं झाकण ५५, म्हणजे एकूण उंची २६९. ए४ कागद २१० बाय २९७ असतो, तेव्हा रुंदीत दोन्हीकडे चार-चार मिलिमीटर उरतात. १२ इंची मॅटवर क्रिकट साधारण २९२ मिलिमीटरपर्यंत कापतं, त्यातही हे आरामात मावतं. झाकण पाठीवर ४१ मिलिमीटर येतं, गोंद लावायला तेवढं भरपूर झालं.

डीएल म्हणजे २२० बाय ११० चं लांबट पाकीट ए४ वर बसत नाही. कानांसह रुंदीच २६० होते. त्याला १२ इंची चौकोनी कागद किंवा ए३ लागतो. सी५ या आणखी मोठ्या पाकिटाला ए३ आणि २४ इंची लांब मॅट, दोन्ही लागतात.

साचा काढताना तीन बारकावे सांभाळले की निम्मं काम फत्ते. पाठ आणि झाकण घडीच्या रेघेपाशी दर्शनी भागापेक्षा दोन्ही बाजूंनी एक-एक मिलिमीटर आत घ्यायचे, आणि टोकाकडे आणखी निमुळते करायचे. असं केलं नाही तर मिटल्यावर पाठीची कड बाजूने डोकावते. कान दोन्ही टोकांना साधारण दहा अंशांनी तिरके कापायचे, म्हणजे कोपऱ्यात चार थर एकावर एक येत नाहीत. आणि सगळे बाहेरचे कोपरे ३ ते ५ मिलिमीटर त्रिज्येने गोल करायचे. हे नुसतं शोभेसाठी करायचं नाही. मशीनचं ब्लेड मोकळं फिरणारं असतं आणि त्याचं टोक मध्यअक्षापासून किंचित बाजूला असतं. टोकदार कोपऱ्यावर ते जागच्या जागी वळतं, तेव्हा पातळ कागद ओढला जाऊन फाटतो किंवा उचलला जातो. गोल कोपऱ्यावर ब्लेड न थांबता वळतं.

घडीची रेघ कडेपर्यंत न्यायची नाही, एक मिलिमीटर आधी थांबवायची. स्टायलस कडेवरून खाली उतरताना पातळ कागदाची कड चुरगळते, आणि नेमकी ती जागा झाकणाच्या टोकाशी असल्याने लगेच नजरेत भरते.

फाइल बाहेरून आणली असेल तर काही कापायच्या आधी माप तपासा. काही प्रोग्राम एका इंचात ७२ बिंदू धरतात, काही ९६. त्यामुळे ९६ ने काढलेली आकृती ७२ ने वाचली गेली की १६२ मिलिमीटरचे २१६ होतात, आणि उलट झालं तर १२१.५. असे विचित्र पण नेमके आकडे दिसले की कारण हेच समजावं. फाइलमध्ये बाजूला १०० मिलिमीटरचा एक चौकोन काढून ठेवला की उघडल्याबरोबर कळतं. तपासून झाल्यावर तो पुसायला विसरू नका, नाहीतर मशीन तोही इमानाने कापतं.

डिझाइन स्पेसमध्ये आणखी एक खाच आहे आणि नवीन लोकांचा सगळ्यात जास्त कागद तिथेच वाया जातो. आणलेल्या फाइलमधल्या घडीच्या रेघा सुरुवातीला कापायच्या रेघा म्हणूनच येतात. त्या निवडून त्यांचा प्रकार ‘स्कोर’ करायचा. एवढ्याने भागत नाही. बाह्यरेषा आणि घडीच्या रेघा एकत्र निवडून ‘अटॅच’ करायचं. अटॅच केलं नाही तर प्रोग्राम कागद वाचवण्यासाठी प्रत्येक तुकडा स्वतःच्या मर्जीने मांडतो, आणि घड्यांच्या रेघा पाकिटावर न पडता शेजारच्या कोऱ्या कागदावर पडतात. ‘ग्रुप’ केल्याने हे टळत नाही, अटॅचच लागतं. मशीनला काम पाठवण्याआधी मॅटचं चित्र दिसतं, त्यात चारही रेघा पाकिटाच्या पोटात आहेत ना हे बघूनच पुढे जावं.

कागदाचं वजन ९० ते १२० जीएसएम असेल तर पाकीट नीट मिटतं आणि आतलं लिखाण बाहेर दिसत नाही. ८० जीएसएमचा साधा प्रिंटरचा कागद चालतो, पण लिबलिबीत लागतो. १५० ला रेघ खोल मारावी लागते. २०० च्या वर गेलात की झाकण स्प्रिंगसारखं उघडत राहतं, गोंद कितीही चांगला असो. क्रिकटच्या तयार यादीत ७५ जीएसएमचा कॉपी पेपर आणि १७६ जीएसएमचं हलकं कार्डशीट आहे. आपला कागद या दोन्हींच्या मधला. त्यासाठी कॉपी पेपर निवडून दाब ‘जास्त’ करावा. हलक्या कार्डशीटची सेटिंग लावली तर कागद कापला जाईल, पण ब्लेड मॅटमध्ये घुसेल आणि मॅटवर पाकिटाचे चर कायमचे कोरले जातील. कॅमिओच्या ऑटोब्लेडला (खोली आपोआप लावून घेणाऱ्या ब्लेडला) १ किंवा २ एवढी खोली पुरते. आधी कोपऱ्यात सेंटिमीटरभराचा चौकोन कापून बघा: तुकडा अलगद सुटला पाहिजे आणि मॅटवर फार तर पुसट ओरखडा दिसला पाहिजे.

कागदाची लय, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, ओळखणं हे या सगळ्या कामातलं सगळ्यात दुर्लक्षित अंग आहे. कारखान्यात मशीनवर तयार केलेल्या कागदात तंतू एका दिशेने असतात. कागद न दुमडता हलकेच दोन्ही दिशांनी वाकवून बघा. ज्या दिशेने कमी अडतो, त्या घडीला समांतर तंतू आहेत. तंतूंच्या दिशेने घातलेली घडी सुरीच्या पात्यासारखी येते, आडवी घातलेली घडी दाणेदार होते आणि रंगीत थर असेल तर तडकतो. पाकिटाला घड्या दोन्ही दिशांनी असतात, तेव्हा लांब घड्या, म्हणजे झाकणाची आणि तळाची, तंतूंच्या दिशेने येतील असा कागद लावायचा. कानांच्या घड्या आखूड असतात आणि पाठीखाली झाकल्या जातात, तिथे थोडं खपतं.

हातकागदाचं शास्त्र वेगळं. त्यात तंतू सगळ्या दिशांना विखुरलेले असतात, त्यामुळे दिशेची चिंता नाही. पण एकाच तावाची जाडी जागोजागी बदलते आणि सुती चिंध्यांचे लांब तंतू ब्लेडला लोंबकळतात. अशा कागदाला एकदा जोरात कापण्यापेक्षा कमी दाबाने दोनदा कापलेलं कधीही चांगलं. दर दोन-तीन पाकिटांनी ब्लेड बाहेर काढून टोकाला अडकलेले तंतू काढावेत. फुलांच्या पाकळ्या किंवा गवताच्या काड्या घातलेला हातकागद मशीनला देऊ नये. काडीवर ब्लेड उडी मारतं आणि तिथे कागद जोडलेलाच राहतो. या कागदाची नैसर्गिक फाटरी कड झाकणाला ठेवायची असेल तर साच्यातली झाकणाची कड कागदाच्या बाहेर न्यायची, म्हणजे ब्लेड तिथे हवेत फिरतं आणि कड तशीच राहते. सुंदर दिसतं हे. हातकागद वापरायचाच तर असा वापरावा.

मॅट क्रिकटची असेल तर निळी, कमी चिकट घ्यावी. हिरवी मॅट नवी असताना पातळ कागदाची साल काढते. हिरवीच असेल तर स्वच्छ सुती कापड दोन-चार वेळा दाबून तिचा जोर कमी करावा. हातकागदाला मात्र उलट: त्याचा लव मॅटला लागून चिकटपणा पटकन जातो, म्हणून त्याला हिरवी बरी. कागद बाहेरची बाजू वर करून लावायचा. स्टायलसने वर खाच आणि खाली बारीक उठाव तयार होतो. हा उठाव घडीच्या आत गेला पाहिजे, म्हणजे घडी खाचेपासून लांबच्या बाजूला घालायची. पत्ता लिहायचा असेल तर तोही याच बाजूला येतो, तेव्हा सगळं एकाच लावणीत जमतं.

कापून झाल्यावर कागद मॅटवरून उपटायचा नाही. मॅट पालथी घालून, कागद टेबलाला टेकवून, मॅट मागे वळवत सोलायची. कागद ओढला तर त्याला कायमचा बाक येतो आणि बाक आलेल्या पाकिटाचं झाकण कधी सपाट बसत नाही.

पत्ता मशीनने लिहायचा तर अक्षरं एकेरी रेघेची हवीत. साधा फॉन्ट दिला तर पेन अक्षराच्या दोन्ही कडा काढतं आणि पोकळ अक्षरं उमटतात. रोमन लिपीत एकेरी रेघेचे फॉन्ट मिळतात, देवनागरीत शोधावे लागतात. जोडाक्षरं आणि वेलांट्या जागच्या जागी राहाव्यात म्हणून मजकूर इंकस्केप या चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये लिहून, त्याचे पाथ (म्हणजे अक्षरांच्या रेषा) करून मगच मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये आणावा. पोकळ अक्षरं सात-आठ मिलिमीटर उंचीची ठेवली तर ती मुद्दाम तशी काढल्यासारखी शोभून दिसतात. त्याहून लहान केली की शाई मिसळून डाग होतो. अक्षर बरं असेल तर पत्ता हाताने लिहावा, तोच जास्त चांगला दिसतो.

घड्या घालताना आधी कान, मग पाठ, शेवटी झाकण. प्रत्येक घडी बोटाने बसवून मग बोन फोल्डरने, म्हणजे घडी दाबायच्या बोथट पट्टीने, दाबायची. रंगीत कागदावर फोल्डरखाली एक कोरा कागद ठेवावा, नाहीतर घडीवर चकचकीत पट्टा उठतो. गोंद कानांवर लावायचा, पाठीवर नाही. पांढऱ्या गोंदात पाणी असतं आणि ओला कागद फुगून सुरकुततो, म्हणून अगदी पातळ थर द्यावा, कडेपासून दोन मिलिमीटर जागा सोडावी आणि वजनाखाली वाळवावं. आत एक कागदाची पट्टी सरकवून ठेवली की बाहेर आलेला गोंद दर्शनी भागाला चिकटत नाही. ट्रेसिंग पेपरला गोंद लावूच नये, तो आरपार दिसतो आणि कागदही आक्रसतो. त्याला ६ मिलिमीटरची दुहेरी टेप.

आतलं अस्तर घालायचं असेल तर मशीनची खरी कमाल तिथे दिसते, कारण झाकणाच्या आकाराची अचूक नक्कल हाताने कापणं कष्टाचं आहे. अस्तर दर्शनी भागापेक्षा प्रत्येक बाजूने ३ मिलिमीटर लहान ठेवायचं आणि झाकणाच्या कडेला १२ मिलिमीटरची पट्टी गोंदासाठी मोकळी सोडायची. ७० ते ९० जीएसएमचा कागद पुरे. अस्तर खाली सरकवून, झाकण मिटवून, तशा मिटलेल्या अवस्थेतच घडी पाडायची आणि मग फक्त झाकणाच्या भागाला गोंद लावायचा. सपाट असताना पूर्ण चिकटवलं तर मिटताना आतला थर जास्त होतो आणि घडीवर लाट येते.

एकाच मापाची साधी पाकिटं भराभर हवी असतील तर मशीन घेऊ नका. पंच बोर्ड (पाकिटाच्या खाचा आणि रेघा हाताने पाडायचा फळा) किंवा पुठ्ठ्याचा एक चांगला साचा त्याहून वेगाने काम करतो, कारण मशीनवर कापायला मिनिटभर लागतं, पण कागद लावणं, सोलणं, मॅट पुसणं यात त्याच्या दुप्पट वेळ जातो. खिडकीची पाकिटं, अस्तराची पाकिटं, नक्षीच्या कडेचं झाकण, दर वेळी वेगळं माप, अशा कामाला मशीन हवंच. त्यासाठी आमची पसंती एक्सप्लोर आणि स्कोरिंग स्टायलस या जोडीला. साचे स्वतः काढणाऱ्यांनी कॅमिओ आणि बोथट नोक घ्यावी. दोन्हींत कागदासाठी एक ब्लेड वेगळं राखून ठेवा: ज्या ब्लेडने व्हिनाइल किंवा कार्डशीट कापलं, ते पातळ कागदाच्या गोल कोपऱ्यांवर तंतू ओढतं, आणि दाब वाढवून ते काही सुधारत नाही.